जुन्या पॉप सिंगल्सचा खोका पुन्हा उघडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगल्सचा, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेल्या सात इंची रेकॉर्डचा, खोका वर्षानुवर्षं बंद पडून आहे आणि आता तो उघडावासा वाटतोय, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. माझा स्वतःचा संग्रह मुख्यतः १९५० ते १९८० च्या दशकांतल्या इंग्लिश पॉपचा आहे आणि सध्या मी तो पहिल्यापासून पुन्हा ऐकते आहे. माझा सगळा रोख ऐकण्यावर आहे. जपायचं, पुसायचं, नोंदी ठेवायच्या, ते सगळं नीट ऐकता यावं म्हणून.

खोका उघडलाय. पहिली रेकॉर्ड लगेच लावू का?

थांबा, आधी सुई बघा. जुन्या प्लेअरमधली सुई किती रेकॉर्डवरून फिरली आहे याचा हिशोब कुणाकडेच नसतो. झिजलेल्या सुईला धारदार कडा येतात आणि त्या खाचेच्या भिंती खरवडत जातात. ते नुकसान पुन्हा भरून येत नाही. शिवाय सुईची दांडी ज्या रबरावर तोललेली असते ते रबर नुसतं पडून राहूनही कडक होतं. या छंदातला पहिला खर्च नव्या सुईचाच असावा.

मग भार तपासा. जुन्या पेटीसारख्या प्लेअरमधले सिरॅमिक पिकअप (सुई बसवलेला भाग) पाच ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त भार रेकॉर्डवर टाकत. आजची बहुतेक मॅग्नेटिक कार्ट्रिज, म्हणजे तोच सुईचा भाग, दीड ते अडीच ग्रॅमवर व्यवस्थित चालतात. सुईचा भार मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो जवळ ठेवा. जुन्या पेटीशी आठवणी जोडलेल्या असतील तर ती जरूर सांभाळा, पण तिच्यावर आधीच झिजलेली एखादी रेकॉर्डच लावा.

नव्या ॲम्प्लिफायरला टर्नटेबल जोडलं, तर आवाज बारीक आणि पातळ येतो. रेकॉर्ड खराब झाल्या का?

बहुतेक वेळा रेकॉर्ड ठीक असतात, मध्ये फोनो प्रीॲम्प नसतो. खाच कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, म्हणजे खाचा अरुंद राहतात आणि खरखर कमी होते. वाजवताना हे उलटं करून मूळ तोल परत आणावा लागतो. यासाठीची आरआयएए ही पद्धत १९५४ पासून रूढ झाली. फोनो प्रीॲम्प तेच काम करतो, शिवाय कार्ट्रिजचा अगदी क्षीण सिग्नल वाढवतो.

४५ चा वेग आणि मधलं मोठं भोक कुठून आलं?

कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी, म्हणजे बरीच गाणी मावणारी मोठी रेकॉर्ड, बाजारात आणली. आरसीए व्हिक्टरने मार्च १९४९ मध्ये उत्तर दिलं ते सात इंची, ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डने. काही काळ दोघांची चांगलीच जुंपली होती. शेवटी कामाची वाटणी झाली: अल्बम एलपीवर, सुटं गाणं ४५ वर. सुरुवातीला आरसीएने संगीताच्या प्रकारानुसार रेकॉर्डचे रंगही वेगळे ठेवले होते. कंट्री हिरव्या, अभिजात लाल, मुलांच्या पिवळ्या आणि लोकप्रिय गाणी काळ्या.

सुमारे ३८ मिलिमीटरचं मोठं भोक रेकॉर्ड आपोआप बदलणाऱ्या यंत्रासाठी होतं. जाड दांड्यात बदलायची सगळी यंत्रणा मावत असे आणि एकामागून एक रेकॉर्ड खाली पडत. लेबलभोवती दातेरी कडं दिसतं का बघा. एकावर एक पडलेल्या रेकॉर्ड घसरू नयेत म्हणून ते असे. १९५० मध्ये सीबर्ग कंपनीचा ४५ वाजवणारा ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायचं यंत्र, आला आणि सिंगलला घराबाहेरही जागा मिळाली. ब्रिटिश सिंगल्सना मात्र बहुधा लहानच भोक असे. मधला भाग तोडून काढता येई आणि ज्यूकबॉक्ससाठी तो काढलाही जाई. तुमच्या खोक्यात मधला भाग तुटलेल्या ब्रिटिश रेकॉर्ड निघाल्या तर त्यातल्या काही ज्यूकबॉक्समधून आल्या असण्याची दाट शक्यता आहे. अशांच्या खाचा झिजून तिरप्या उजेडात राखाडी दिसतात.

गाणं लाटेसारखं वर-खाली होतं. मोटर बिघडली आहे का?

दुसरी रेकॉर्ड लावून बघा. तिच्यावर तसं होत नसेल तर पहिली रेकॉर्ड मध्यावर बसलेली नाही. मोठ्या भोकात सैल अडॅप्टर (भोक भरून काढणारी चकती) बसवला की हे हमखास होतं. वरून बघा: सुई खाचेत असताना टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, प्रत्येक फेरीला आत-बाहेर झुलत असेल तर दोष केंद्राचाच.

फरक केवढा पडतो ते सांगते. खाच मध्यापासून ७० मिलिमीटरवर असेल आणि केंद्र फक्त एक मिलिमीटर सरकलेलं असेल, तर वेग दोन्ही बाजूंना जवळपास दीड टक्का हलतो. अर्ध्या स्वराचं अंतर सहा टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे त्याचा साधारण पाव भाग. ड्रमच्या ठेक्यात हे कळणार नाही, पण पियानोचा लांबवलेला स्वर किंवा गाण्याच्या शेवटी ताणलेली ओळ लगेच कानाला खटकते. घट्ट बसणारा धातूचा अडॅप्टर घ्या आणि तरीही झुलत असेल तर रेकॉर्ड बोटाने हलकेच सरकवत मध्यावर आणा. दोन-तीन प्रयत्नांत जमतं.

तेच गाणं एलपीवर आहे. मग सिंगल कशाला ऐकायचं?

कारण बऱ्याचदा ते तेच गाणं नसतं.

आधी यंत्राचा भाग. एलपीच्या पहिल्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, शेवटी शेवटी ती २१ वर येते. सिंगलमध्ये हाच वेग ३९ पासून २५ पर्यंत उतरतो. म्हणजे एलपीच्या शेवटच्या गाण्याला जो जाच होतो तेवढा सिंगलच्या शेवटच्या ओळीलाही होत नाही. त्यात गाणं तीनच मिनिटांचं, जागा भरपूर, त्यामुळे ते जोरकस कापता येतं. रेडिओवर आणि ज्यूकबॉक्सवर शेजारच्या गाण्यापेक्षा आपलं उठून दिसावं, अशी प्रत्येक कंपनीची धडपड असे आणि ती खाचेत ऐकू येते.

पण खरा फरक मिक्सचा, म्हणजे वाद्यं आणि गायन एकत्र जुळवण्याचा, आहे. १९६० च्या दशकात बहुतेक पॉप सिंगल मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारे, होते आणि निर्मात्यांचं बारीक लक्षही मोनो मिक्सवर असे. स्टिरिओ मिक्स अनेकदा वेगळ्या वेळी, झटपट केला जाई. त्यामुळे आवाजांचा तोल, गाणं विरत जाण्याची जागा, कधी तर गायकाचा टेक, म्हणजे एका वेळी गाऊन मुद्रित केलेला भाग, तोसुद्धा वेगळा निघतो. बीटल्सचं पहिलं सिंगल ‘लव्ह मी डू’ घ्या. ऑक्टोबर १९६२ च्या, पार्लोफोन कंपनीच्या लाल लेबलच्या रेकॉर्डवर रिंगो स्टारचे ड्रम आहेत. अल्बममध्ये जे आहे त्यावर अँडी व्हाइट ड्रमवर आणि रिंगोच्या हाती खंजिरी. ओळखायची खूण सोपी आहे: खंजिरी ऐकू आली तर ते सिंगलचं मूळ ध्वनिमुद्रण नव्हे. मी या दोन्ही पाठोपाठ लावते तेव्हा सिंगलमधला ठेका मला थोडा जड आणि जास्त आपलासा वाटतो.

मोनो सिंगल ऐकताना ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. खाचेच्या उभ्या हालचालीत मोनो रेकॉर्डवर संगीत नसतंच, नुसती धूळ आणि झीज असते. बटण दाबल्याबरोबर तेवढी खरखर गळून जाते.

बी-बाजू ऐकायलाच हवी का?

हो, आणि माझ्या मते आधी तीच ऐका. ए-बाजू, म्हणजे ज्या मुख्य गाण्यासाठी रेकॉर्ड काढलेली असते ती, तुम्हाला पाठ असते. तुमच्या संग्रहात तुम्ही कधीच न ऐकलेलं जे काही आहे ते दुसऱ्या बाजूला आहे.

रेकॉर्ड विकली जायची ती ए-बाजूमुळे, पण स्वामित्वधनाचा वाटा दोन्ही बाजूंना मिळे. म्हणून बी-बाजूला बहुधा कलाकारांचं स्वतःचं किंवा निर्मात्याच्या नावावरचं गाणं जाई. तिच्यावर बाजाराचा डोळा नसे, त्यामुळे तिथे प्रयोग करायला मोकळीक असे. बीटल्सच्या १९६६ च्या ‘पेपरबॅक रायटर’च्या मागे ‘रेन’ आहे. त्यात शेवटी गायनाची टेप उलटी चालवलेली आहे. त्यांच्या कुठल्याही स्टुडिओ अल्बममध्ये हे गाणं नव्हतं. ज्याने सिंगल उलटलं नाही त्याच्या हाती ते तेव्हा लागलंच नाही.

आणि कधी कधी लोकांनीच निकाल फिरवला. ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १९५४ मध्ये बी-बाजू म्हणून आलं आणि पुढच्या वर्षी एका चित्रपटामुळे जगभर गेलं. ग्लोरिया गेनरचं ‘आय विल सर्व्हाइव्ह’ १९७८ मध्ये ‘सबस्टिट्यूट’च्या मागे होतं. ते उलटून वाजवलं क्लबमधल्या आणि रेडिओवरच्या डीजेंनी. निर्माता फिल स्पेक्टर याची धास्ती घेऊन असे. डीजेने चुकीची बाजू लावू नये म्हणून तो आपल्या फिलीस लेबलच्या अनेक सिंगल्सच्या मागे वादकांची सहज वाजवलेली एखादी धून टाकून देई. तरी १९६५ मध्ये त्याच लेबलवर राइचस ब्रदर्सचं ‘अनचेन्ड मेलडी’ बी-बाजूला होतं आणि ए-बाजूला मागे टाकून तेच गाजलं.

माझ्या संग्रहात ए-बाजू झिजून राखाडी झालेली आणि बी-बाजू आरशासारखी काळीभोर अशा कितीतरी रेकॉर्ड आहेत. त्या बाजू ऐकायला बसले की आवाज नव्या रेकॉर्डसारखा येतो, कारण त्या खरोखरच नव्या असतात.

लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर काहीतरी खरडलेलं दिसतं. ते काय?

संग्रहातली माझी सर्वांत आवडती जागा. गाणं संपल्यावर सुई ज्या मोकळ्या पट्ट्यात फिरत राहते तिथे मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या बाजूच्या कापणीची ओळख, असतो. दिव्याखाली रेकॉर्ड तिरपी धरा, हळूहळू फिरवा, भिंग असेल तर उत्तम. काही अक्षरं यंत्राने ठोकलेली असतात, काही खाच कापणाऱ्याने हाताने कोरलेली.

रेकॉर्ड कशी बनते ते माहीत असलं की ही अक्षरं बोलू लागतात. आधी लॅकरच्या चकतीवर खाच कापतात. तिच्यावरून धातूचा उलटा साचा, त्यावरून सुलटी ‘मदर’, आणि मदरवरून पुन्हा उलटे स्टँपर, ज्यांनी प्लॅस्टिक दाबलं जातं. एक स्टँपर ठरावीक प्रती काढून झिजतो, मग पुढचा. ब्रिटनच्या ईएमआय कंपनीने हे सगळं रेकॉर्डवर लिहून ठेवलं. मॅट्रिक्स क्रमांक तुमच्याकडे सरळ धरला तर डावीकडे मदरचा आकडा आणि उजवीकडे स्टँपरची अक्षरं असतात. ही अक्षरं म्हणजे आकडेच. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी म्हणजे अनुक्रमे १ ते ९ आणि ०. म्हणून डावीकडे १ आणि उजवीकडे ‘जीआर’ असेल तर पहिल्या मदरचा बारावा स्टँपर. डेक्का कंपनीने याच कामासाठी ‘बकिंगहॅम’ या शब्दाची दहा इंग्रजी अक्षरं वापरली.

पुढच्या काळात कापणारे कारागीर गमतीचे संदेशही कोरू लागले. जॉर्ज पेकम यांनी कापलेल्या रेकॉर्डवर ‘अ पोर्की प्राइम कट’ असं लिहिलेलं सापडतं. पूर्वी ज्या रेकॉर्ड आपण शेकडो वेळा लावल्या त्यांच्यावर ही सही होती आणि आपलं लक्षच गेलं नव्हतं, हे पुन्हा खोका उघडल्यावर कळतं तेव्हा फार आनंद होतो.

माझी प्रत पहिल्या छपाईची आहे का?

लेबलवरचं साल फसवं असतं, ते बहुधा ध्वनिमुद्रणाच्या प्रकाशनाचं असतं आणि नंतरच्या छपाईवरही तसंच राहतं. लेबलचा रंग, कडेने छापलेला मजकूर आणि मॅट्रिक्स, तिन्ही एकत्र बघा. उदाहरणार्थ, १९६४ ते १९६९ च्या सुमाराच्या पार्लोफोन लेबलवर ठरावीक किमतीलाच विकण्याच्या अटीबद्दलची एक इंग्रजी ओळ आहे. ती ओळ नसलेली ‘१९६६ ची’ रेकॉर्ड नंतर छापलेली असणार. त्या दशकातल्या ब्रिटिश लेबलांवर भोकाजवळ ‘केटी’ सारखी दाबून उमटवलेली अक्षरंही दिसतात. तो तेव्हाच्या खरेदी कराचा संकेत.

काही रेकॉर्ड हलक्या, कडक वाटतात आणि टिचकी मारली की वेगळ्या वाजतात. बनावट आहेत का?

नाही. त्या पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकच्या आहेत. अमेरिकेत बऱ्याच कंपन्या, त्यांत कोलंबियाही, सिंगल्स व्हायनल या नेहमीच्या प्लॅस्टिकऐवजी स्टायरीन साच्यात ओतून काढत. ओळख सोपी आहे: लेबल वरून चिकटवलेलं असतं, कधी त्याची कड सुटलेली असते. व्हायनलमध्ये लेबल रेकॉर्डबरोबरच दाबलं जातं.

स्टायरीन चांगल्या स्थितीत असेल तर फार छान वाजतं, पण झिजतं पटकन. त्यावर सुई ठेवून रेकॉर्ड हाताने मागे-पुढे करू नका. रेडिओ स्टेशनवर गाणं सुरू होण्याची जागा पकडायला असं करत, म्हणून तिथून आलेल्या प्रतींची पहिली काही सेकंदं फुसफुसतात.

स्वच्छ कशा करायच्या?

प्रत्येक वेळी लावण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश. एवढ्याने निम्मं काम होतं.

बोटांचे ठसे आणि चिकट मळ यांना ओलावा लागतो. डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्याच्या सौम्य साबणाचा एखादाच थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, आणि हात खाचेच्या दिशेने गोल. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. लेबल कोरडं राहिलंच पाहिजे. सिंगलवर हे अवघड जातं, कारण लेबलच्या मानाने रेकॉर्ड लहान असते. मी लेबलवर हाताचा पंजा न टेकवता, दोन बोटांनी कडेला धरून एका वेळी पाव भाग करते. नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार खाचेत वाळून बसतात. स्टायरीनवर मी अल्कोहोल अजिबात लावत नाही, आणि खोक्यात ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्ड निघाल्या तर त्यांच्यापासून अल्कोहोल दूरच ठेवा, लाख त्यात विरघळते.

धुतल्यावरही खरखर राहिली. आता?

आवाज नीट ऐका. सुटेसुटे टक-टक आवाज म्हणजे धूळ किंवा ओरखडा. गायकाचे ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे येत असतील, आणि शेवटाकडे ते वाढत असेल, तर खाचच झिजली आहे. अशा वेळी वेगळ्या घडणीची सुई करून बघा. लंबगोल किंवा त्याहून बारीक टोकाची सुई खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, जिथे जुनी सुई पोचलीच नव्हती. मेलेली समजलेली रेकॉर्ड अशी उठून बसलेली मी ऐकली आहे. दर वेळी हे होत नाही, पण टाकून देण्याआधी करून बघावं.

वाकलेली रेकॉर्ड सरळ होते का?

सुई उडत नसेल तर वाजवा आणि सोडून द्या. ओव्हन, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, यांतलं काहीही नको. रेकॉर्ड सरळ होण्याआधी उष्णतेने खाच बिघडते.

ठेवायच्या कशा?

उभ्या. फार घट्ट नकोत, फार सैलही नकोत. ऊन आणि दमटपणा यांपासून लांब, खोलीचं तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास असेल तर उत्तम.

मऊ पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं मात्र काढून टाका. त्यांतलं प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर येतं, रेकॉर्डवर धुरकट थर बसवतं आणि तो पुसून जात नाही. पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनची पाकिटं घ्या. कंपनीचं मूळ कागदी पाकीट फाटकं असलं तरी फेकू नका, त्याला बाहेरून नवं पाकीट घाला.

लेबलवर कुणीतरी नाव लिहिलंय, आकड्याचं स्टिकरही आहे. काढू का?

माझं उत्तर ठाम आहे: राहू द्या. पार्टीला रेकॉर्ड घेऊन जायची रीत होती, तिथे त्या मिसळू नयेत म्हणून लोक नाव लिहीत. आकडे म्हणजे त्या माणसाच्या संग्रहातला क्रम. माझ्याकडच्या एका सिंगलवर ए-बाजूच्या नावापुढे निळ्या शाईत फुली आहे आणि बी-बाजूला दोनदा अधोरेखित केलेलं आहे. ज्याने किंवा जिने ते केलं त्याची आवड मला बरोबर वाटते. शिवाय ते पुसताना लेबलचा रंग निघतो.

क्रम कसा लावावा?

कलाकारांच्या नावाने लावलं की सापडायला सोपं. मी मात्र प्रकाशनाच्या महिन्याने लावते. कारण सिंगल हे त्या त्या आठवड्यांचं संगीत होतं. ब्रिटनची पहिली विक्री-यादी नोव्हेंबर १९५२ मध्ये आली, अमेरिकेची ‘हॉट १००’ ऑगस्ट १९५८ मध्ये, आणि तेव्हापासून गाणी एकमेकांशी आठवड्यागणिक झुंजत होती. एकाच महिन्यातल्या चार-पाच रेकॉर्ड पाठोपाठ ऐकल्या की कोणाचा गिटारचा आवाज कोणी उचलला, कुणी अचानक व्हायोलिनं का आणली, हे कानाला कळू लागतं. कलाकारवार क्रमात ते कधीच कळलं नसतं.

डिजिटल करून ठेवावं का?

दुर्मिळ बी-बाजू, मोनो मिक्स आणि झिजत चाललेलं स्टायरीन, एवढं तरी जरूर. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक या प्रकारच्या फाइलमध्ये घ्या, पातळी वरच्या मर्यादेला भिडू देऊ नका. त्यासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. खरखर काढणारी साधनं जपून वापरा, जास्त वापरली तर झांजांचा झणत्कार आणि गायकाचा श्वास दोन्ही जातात. न पुसलेली मूळ फाइल वेगळी ठेवा.

संग्रहाची किंमत किती येईल?

जी सिंगल्स सर्वांकडे आहेत ती लाखोंनी विकली गेली म्हणूनच सर्वांकडे आहेत. मागणी असते ती न चाललेल्या रेकॉर्डना, प्रसिद्धीसाठी वाटलेल्या प्रतींना आणि उत्तम स्थितीला. स्थितीची प्रतवारी डोळ्यांनी करतात, पण विकत घेताना ‘वाजवून पाहिली आहे का’ हे जरूर विचारा. ‘व्हीजी’ (‘व्हेरी गुड’) लिहिलेल्या प्रतीवर खरखर ऐकू येणारच, हे धरून चाला.

एकाच गाण्याच्या दोन प्रती आहेत. एक देऊन टाकू?

आधी मॅट्रिक्स जुळवा, मग दोन्ही ऐका. वेगळा स्टँपर, वेगळा देश, वेगळी कापणी असेल तर त्या दोन वेगळ्या रेकॉर्ड आहेत. अगदी सारख्याच निघाल्या तर ऐकणाऱ्या माणसाला एक द्या.

एखादी वाजण्यापलीकडे गेली असेल तर?

चीर गेलेली रेकॉर्ड चांगल्या सुईखाली आणू नका. लेबलचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मॅट्रिक्स लिहून घ्या, पाकीट वेगळं ठेवा. त्याच छपाईची दुसरी प्रत बिनपाकिटाची सहज मिळते, तिला हे पाकीट घाला. आणि चीर फक्त कडेला, पहिल्या काही खाचांपुरती असेल, तर साध्या स्वस्त सुईने पुढच्या भागापासून ती वाजते का ते बघा. दुसऱ्या बाजूलाही तीच चीर उमटली असेल, पण तिथलं गाणं कदाचित जरा आत सुरू होत असेल.